भंवरीबाईंची तार आणि माझं टेस्टिंग

५ मार्च २०२५, बुधवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्या माणसानं नोंदी ठेवाव्यात, पुढच्या पिढीला उपयोग होतो. वही मंडपाच्या ऑर्डरींची आहे. मागच्या बाजूनं लिहितोय.

काम असं. जुन्नरच्या पन्नालालशेठच्या (कापड दुकान, बाजारपेठ) माळ्यावर त्यांच्या आजोबांचं एक अमेरिकन मशीन सापडलं. वायर रेकॉर्डर. टेपच्याही आधीचा. ह्यात फीत नसते, स्टीलची तार असते, केसाएवढी बारीक, आणि आवाज त्या तारेत भरलेला असतो. सोबत एकच स्पूल. त्यावर दोन किलोमीटरच्या वर तार. तारेतला आवाज काढून कॉम्प्युटरमध्ये घालायचा.

शेठनी खरं तर आमच्या सोमनाथला विचारलं. चिरंजीव म्हणाले, हे आपलं काम न्हाई शेठ, मुंबईत एक जण करतो, त्याच्याकडं पाठवा. मी टेम्पोत बसलो होतो. खाली उतरून सांगितलं, चाळीस वर्षं साउंड सर्व्हिस चालवलीय, आमचा कर्णा शिनोलीत लावला तर डिंभ्याच्या धरणापर्यंत ऐकू जायचा. मशीन मीच टेम्पोत ठेवलं.

सोमनाथनं वाटेत गाणी लावली. डीजे वाजवणाऱ्याला तारेतलं काय कळणार.

६ मार्च, गुरुवार, सकाळी सात

तारेत काय आहे ते लिहून ठेवतो.

शेठच्या आई भंवरीबाई, वय एक्क्याऐंशी. लग्न सोळाव्या वर्षी, जुन्नरलाच झालं. राजस्थानातली माणसं मुलीला घेऊन इथं आली, लग्न लावलं आणि परत गेली. म्हणजे मुलगी निघायच्या ऐवजी तिची आईच निघाली. निघताना आईनं गाणं म्हटलं, ते सासऱ्यांनी हौसेनं ह्या मशीनवर घेतलं. दोन वर्षांत आई वारली. परत भेट नाही. फोटोसुद्धा नाही. सासऱ्यांपुढे घुंघट, गाणं लावा म्हणून सांगणार कसं? पुढं मशीन बंद पडलं, सासरे गेले, सगळे विसरले. बाई विसरल्या नाहीत.

सध्या त्यांचं वर्षीतप चालू आहे. एक दिवस फक्त उकळलेलं पाणी, एक दिवस जेवण, असं वर्षभर. अक्षयतृतीयेला, ३० एप्रिलला, उसाच्या रसानं पारणं. त्या दिवशी मांचा आवाज ऐकायचा, एवढंच मागणं. माझा हात धरून म्हणाल्या, दादाभाऊ, पासष्ट वरस थांबले, अजून थोडी थांबते, पण आवाज आणा.

मी म्हणालो, पंधरा दिवसांत देतो. शेठ म्हणाले, घाई नको. मी म्हणालो, दहा.

संकल्प: रोज चार तास काम. चहा निम्मा. सोमनाथची मदत घ्यायची नाही.

८ मार्च, शनिवार

मशीन प्लगला लावलं. थोडा धूर आला. एवढी वर्षं माळ्यावर होतं, आत धूळ असणारच, ती जळाली.

निर्मलानं मेन स्विच पाडला आणि म्हणाली, पडदा पेटला असता. बायको घाबरट असली की संशोधन मागं राहतं.

मशीनच्या पाठीवर ११० लिहिलंय. मॉडेल नंबर असावा.

११ मार्च, मंगळवार

सकाळी बघतो तर मशीनच्या शेजारी एक ट्रान्सफॉर्मर ठेवलेला आणि आतले दोन जळके कंडेन्सर बदललेले. सोमनाथचं काम. ११० म्हणजे व्होल्टेज निघालं. मी सांगणारच होतो.

ही मदत धरायची नाही, कारण मी मागितली नव्हती.

१४ मार्च, धुळवड

मशीनमधलं रबरी चाक वितळून काकवीसारखं झालंय. जगात कुठं मिळणार नाही. पण आपल्या डोक्यापुढं अमेरिका काय! निर्मलाच्या शिलाई मशीनची बॉबिन भरायची रबरी रिंग काढली, घातली, फिट्ट.

निर्मलाचे चार ब्लाउज खोळंबले. दुपारी भाजीत मीठ नव्हतं. योगायोग असेल.

१७ मार्च, सोमवार, दुपारी एक

स्पूल चढवला. तार ओढायला सुरुवात. एक लिव्हर जरा उलटी पडली.

१७ मार्च, दुपारी साडेतीन

तार सुटली. सुटली म्हणजे काय, स्प्रिंगच ती. खोलीभर झाली. पंख्याला, खुर्चीला, देवाच्या फोटोला. आई दारात बसली होती, तिच्या अंबाड्यात. एक कोंबडी आली ती चालता चालता थांबली ती थांबलीच. मी स्वतः अर्धा तास जागचा हललो नाही, कारण धाडसाबरोबर संयमही लागतो. शेवटी निर्मलानं कात्री आणून मला आणि कोंबडीला सोडवलं. आधी कोंबडीला.

नुकसान शून्य. वरची थोडीशी तार तुटली, म्हणजे रेकॉर्डिंगची सुरुवात. चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो, सुरुवातीला कधीच काही नसतं. माइक हातात आला की माणूस आधी हॅलो हॅलो करतो, फुंकर मारतो, खाकरतो. काम नंतर सुरू होतं. तो गुंता निर्मलाला उकिरड्यावर टाकायला सांगितला.

आई म्हणाली, आरं दाद्या, गुत्ता टाकू न्हाई, सुटतो. तिनं जन्मभर मेंढ्यांची लोकर कातली. तिला समजावून सांगितलं की ही लोकर नव्हे, स्टील आहे, ह्यात सायन्स आहे. तिला कमी ऐकू येतं. निदान माझं तरी.

२१ मार्च, शुक्रवार

दहा दिवस होऊन पाच दिवस वर झाले. शेठचा फोन नाही. विश्वास म्हणतात तो हाच.

आई सकाळपासून ओसरीवर लोकर कातायची चाती घेऊन बसते. मांडीवर फडकं, मान खाली. आमच्या मेंढ्या विकून पस्तीस वर्षं झाली. मढच्या मामाकडून थोडी लोकर येते तेवढीच. पंच्याऐंशीव्या वर्षी कातायची काय गरज? चष्म्याचा नंबर वाढेल म्हटलं. म्हणाली, तू तुजं बघ.

२४ मार्च, सोमवार

मोठा दिवस! मशीन बोललं.

लिव्हरला तीन खाचा आहेत. मधल्या खाचेत नुसती खरखर. शेवटच्या खाचेत लिव्हर घालून बटण दाबलं की मशीन खरं जिवंत होतं, लाल दिवा लागतो. त्या खाचेत सोबतचा जुना माइक चालतो. हेडफोन लावून टेस्टिंग केलं. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक दोन तीन. काय आवाज! भारदस्त! आताच्या माइकमध्ये हा दम नाही.

मशीन कुठलंही असो, चालू केलं की आधी टेस्टिंग. उस्तादांनी मंचरच्या दुकानात पहिल्या दिवशी शिकवलं. टेस्टिंग न करता माइक दुसऱ्याच्या हातात दिला तर तो साउंडवालाच नव्हे. चाळीस वर्षांत एकदा चुकलेलो नाही.

आता काम जवळजवळ झालंच म्हणून पारण्याच्या दिवशी करायच्या भाषणाची रंगीत तालीम घेतली. लाल दिव्यावरच. सात मिनिटं. स्पूल फिरत होता तो फिरू दिला. बिचारा पासष्ट वर्षं एका जागी बसून, तेवढाच व्यायाम.

२८ मार्च, शुक्रवार

रोज स्पूल परत गुंडाळून तालीम. आज अकरा मिनिटं. भाषण वाढतच चाललंय, काय करणार, विचार येतात.

निर्मलानं विचारलं, त्या आजींचं गाणं कधी काढणार? म्हटलं, आधी मशीन हाताखाली यायला पाहिजे. घोड्यावर बसायच्या आधी त्याला चुचकारतात. ती म्हणाली, तुम्ही घोड्यालाच भाषण देताय.

२ एप्रिल, बुधवार

बॉबिनची रिंग तुटली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. थोडा घसरतो, पण चालतो. निर्मलाला नवी रिंग घोडेगावातून आणून देईन. उद्या.

४ एप्रिल, शुक्रवार, सकाळी अकरा

घाईत लिहितोय.

आज पहिल्यांदा मधल्या खाचेत लिव्हर ठेवून, स्पूल सुरुवातीपासून नीट लावून, शांतपणे ऐकलं. गाणं नाही. बाईमाणूसच नाही. एका थोर पुरुषाचं भाषण आहे!

आवाज जड, खोल, सावकाश. एकेक शब्द दगडात कोरल्यासारखा. सगळं कळत नाही, खरखर फार. पण मायबापहो असं स्वच्छ ऐकू आलं. पवित्र भूमी आलं. नवी पिढी आलं. विचार बघा, थेट माझ्यासारखे! मी जे भाषणात म्हणणार आहे तेच हा माणूस पासष्ट वर्षांपूर्वी म्हणून गेला. मोठ्या माणसांचे विचार कुठंतरी जुळतातच.

आणि सुरुवातीला चक्क हॅलो, हॅलो. म्हणजे टेस्टिंगची पद्धत त्या काळापासून आहे. डोळ्यांत पाणी आलं. आमच्या धंद्याला केवढी परंपरा!

बोलणारा थोडा नाकातून बोलतो. चालायचंच.

५ एप्रिल, शनिवार

व्हॉट्सअ‍ॅपवर गावच्या ग्रुपला टाकलं: शिनोलीत सापडला थोर पुढाऱ्याचा दुर्मिळ आवाज, संशोधक दादाभाऊ. एकवीस अंगठे. घोडेगावच्या एका वार्ताहराचा फोन आला, पुढारी कोण म्हणून. म्हटलं, संशोधन चालू आहे, पण बोलण्यावरून तुरुंगात जाऊन आलेला वाटतो.

सोमनाथ म्हणाला, बाबा, मला एकदा ऐकू द्या. म्हटलं, समारंभात ऐक, सगळ्यांबरोबर.

८ एप्रिल, मंगळवार

शेठना फोन करून आनंदाची बातमी दिली. मग भंवरीबाई फोनवर आल्या. त्यांना सांगितलं, बाई, गाणं नसलं तर नसू दे, तुमच्या तारेत इतिहास निघालाय, सगळा जिल्हा तुमचं नाव काढील.

त्या म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांनी पुढाऱ्याला कधी घरात नाही घेतला. तारेत माझी मां आहे. मी समोर उभी होते.

वय झालं की माणसाला भलतंच आठवतं. फोन ठेवल्यावर मात्र चहा गोड लागला नाही. साखर कमी असेल.

१४ एप्रिल, सोमवार

समारंभ २४ तारखेला, आमच्या ओसरीवर. फ्लेक्स सांगितला. त्यावर मशीनचा फोटो आणि माझा. माझा थोडा मोठा, कारण मशीन कोणी ओळखत नाही.

पाहुण्यांची यादी केली. वार्ताहर, सरपंच, भावकी. शेठ आणि भंवरीबाई प्रमुख पाहुणे. फोनवर म्हणालो, एवढ्या उन्हात बाईंनी यायची तसदी घेऊ नये. त्या येतो म्हणाल्या.

२४ एप्रिल, गुरुवार, सकाळी आठ

सगळी तयारी झाली. नेहरू शर्टाला इस्त्री. भाषण आता एकवीस मिनिटांचं.

२४ एप्रिल, संध्याकाळी पाच

लिहायचं नव्हतं. पण नोंदी म्हणजे नोंदी.

भंवरीबाई आल्या. आज त्यांचा उपासाचा दिवस. जुन्नरहून गाडीत बसून, सगळा वेळ डोक्यावर पदर घट्ट धरून. पाणीसुद्धा घरचं उकळलेलं बरोबर आणलेलं. मशीनच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसल्या, गाणं नाही हे सांगितलेलं असूनसुद्धा.

लावलं. मायबापहो. सरपंचांनी हात जोडले. वार्ताहर लिहायला लागला. मी डोळे मिटले.

आई हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग मोठ्यानं. म्हणाली, आरं दाद्या, ह्यो तर तूच हाय की! सर्दी झाल्यावानी बोलतुया, पर तूच!

मी म्हणालो, आईला कमी ऐकू येतं. सोमनाथ पुढं आला, सायकलच्या ट्यूबवर बोट दाबून धरलं. चाक घसरायचं थांबलं, तार नीट वेगानं पळायला लागली, आणि आवाज सरळ झाला. तेवढ्यात ते वाक्य आलंच. मी कोण? मी एक साधा कर्णेवाला, शिनोलीचा दादाभाऊ.

सोमनाथनं हळू आवाजात सगळं सांगितलं. लाल दिवा म्हणजे रेकॉर्डिंग. त्या खाचेत तार पळाली की आधीचं पुसलं जातं आणि नवीन बसतं. म्हणजे तालमीच्या त्या दिवसांत मी रोज.

भावकी हसली. वार्ताहरानं पेन खिशात ठेवलं. ते सगळं मी सोसलं असतं. जत्रेत स्टेजवर शेंगा फेकतात लोक, सवय आहे. पण भंवरीबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मशीनकडं बघत एवढंच विचारलं, मग माझी मां कुठं गेली?

मी मशीन बंद केलं.

त्या शेठच्या खांद्याला धरून उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

२५ एप्रिल, शुक्रवार

काही नाही.

२६ एप्रिल, शनिवार

विचार केला. दोष पूर्णपणे माझा नाही. एक, लाल दिव्याखाली मराठीत लिहायला पाहिजे होतं. दोन, शेठनी आग्रह धरून मशीन मुंबईला पाठवायला पाहिजे होतं, मी म्हणालो म्हणून काय झालं. तीन, गाणं आधीच उडून गेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. एवढी वर्षं माळ्यावर, पावसाळी हवा.

निर्मलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चौथं राहिलं. विचारलं, काय? तर म्हणाली, तुम्ही.

दुपारी सोमनाथनं मला बसवून पूर्ण स्पूल ऐकवला, सगळा. माझी भाषणं. मध्ये एका ठिकाणी माझं मलाच वाईट वाटेल इतकं मी हसलोय. गाण्याचा एक सूरही नाही. अकरा मिनिटं मी बोललोय, आणि त्याच्यापुढं कोरी तार.

खोटं कशाला लिहू, वही माझीच आहे. मला त्या म्हातारीची लाज वाटते. पासष्ट वर्षं तिची आई त्या तारेत नीट होती. उंदरांनी सोडली, पावसानं सोडली. मी नाही सोडली.

२७ एप्रिल, रविवार, सकाळी नऊ

जेवत नाही म्हणून आई खोलीत आली. म्हणाली, बसून ऱ्हाशील किती, हे घे. आणि तिची चाती माझ्यापुढं ठेवली.

चातीवर लोकर नव्हती. तार होती.

तो १७ मार्चचा गुंता! निर्मलानं टाकायला नेला तेव्हाच आईनं हातातून काढून घेतला होता. महिनाभर ओसरीवर बसून एकेक वेढा सोडवला, चातीवर गुंडाळला. जिथं तुटली होती तिथं गाठी मारल्या, चार. लोकरीच्या धाग्याला मारायच्या तशाच, टोकं दातानं तोडून. नखानं चाचपलं तर गाठ लागतसुद्धा नाही. म्हटलं, आई, मला सांगायचं नाहीस का? म्हणाली, सांगितलं व्हतं, गुत्ता टाकू न्हाई. तू सायन्स सांगत बसलास.

निर्मलाला सगळं माहीत होतं. ह्या घरात माझ्याशी कोण बोलतं?

ही तार म्हणजे अगदी सुरुवात. मी टेस्टिंग करायच्या आधीच तुटलेली. हिच्यावरून लाल दिवा गेलेलाच नाही.

२७ एप्रिल, दुपारी

मशीनपासून चार हात लांब बसलोय. सोमनाथनं बसवलंय. हात पाठीमागं बांधून. म्हणजे दोरीनं नव्हे, माझे मीच.

घोडेगावला जाऊन बॉबिनची रिंग आणली. दोन. एक निर्मलाला.

२८ एप्रिल, सोमवार, सकाळी दहा

लावलं. आधी उलट्या बाजूनं लागलं, काहीतरी अगम्य आलं. मी म्हणालो, मारवाडी भाषा असेल. सोमनाथनं माझ्याकडं बघितलं आणि तार फिरवून लावली.

आणि मग आल्या. त्या आल्या!

खरखर. कुठंतरी बैलाची घंटा. एक पुरुष म्हणतो, बोला, बोला. मग बाईचा आवाज, अगदी जवळून, घाबरलेला: भंवरी! ए भंवरी! सुणै है कांई?

ऐकू येतंय का गं. दोनदा विचारलं. मग कोणीतरी पोरगी लांबून हां म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. मग गाणं. काका, मामा, एकेकाचं नाव घेऊन निरोप. दोन मिनिटं होतात न होतात तोच मध्येच तुटलं, जिथं निर्मलाची कात्री लागली तिथं. पुढचं गाणं मी पुसलं.

त्या माउलीनं टेस्टिंग केलं होतं. आणि तेच मी उकिरड्यावर टाकायला सांगितलं होतं, सुरुवातीला कधीच काही नसतं म्हणून.

सोमनाथनं लगेच लॅपटॉपमध्ये घेतलं. आईला कमी ऐकू येतं, तरी तिनं दोनदा लावायला लावलं. तिची आई तिला काय म्हणून हाक मारायची ते आज पहिल्यांदा सांगितलं. चिमे.

२९ एप्रिल, मंगळवार

शेठना सोमनाथनं फोन केला. मी नको म्हणालो. उद्या पारण्याच्या वेळी यायला सांगितलंय. मलाही बोलावलंय. बहुतेक चुकून.

संकल्प: भाषण नाही. एक अक्षर नाही.

३० एप्रिल, अक्षयतृतीया, संध्याकाळी सहा

जुन्नर. शेठच्या घरचा हॉल गच्च. भंवरीबाई मध्ये पाटावर, पांढरी साडी, हातात लहान कलश. नातवंडांनी उसाचा रस पाजला. साऱ्या बायका गात होत्या. मग शेठनी सगळ्यांना गप्प केलं आणि सोमनाथनं लॅपटॉप पुढं ठेवला.

भंवरी! ए भंवरी! सुणै है कांई?

बाई त्या लॅपटॉपला म्हणाल्या, हां मां, सुणूं हूं. एवढ्या मोठ्यानं, की बाहेरच्या खोलीतली माणसं आत बघायला लागली. एक्क्याऐंशी वर्षांची बाई. तिला नुसतं भंवरी म्हणणारं आता जगात कोणी उरलेलं नाही. मला रडू आलं, मी लपवलं नाही.

गाणं मामापर्यंत आलं आणि तुटलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी डोळे मिटले आणि पुढचं गाणं स्वतःच म्हणायला लागल्या. तुटलं तिथूनच. सगळं पाठ. आवाज पातळ, पण सूर तोच, जसा तारेत होता तसाच.

सोमनाथनं पटकन खिशातला छोटा रेकॉर्डर माझ्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, बाबा, माइक धरा. धरला. गुडघ्यावर बसून, त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हॅलो म्हणालो नाही. फुंकर मारली नाही. खाकरलोसुद्धा नाही. शेवटच्या ओळीपर्यंत श्वास रोखून. ह्या धंद्यात इतकं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं.

रेकॉर्डर बंद होता.

बटण चालू करायचं राहिलं होतं. टेस्टिंग केलं असतं तर कळलं असतं.

सोमनाथनं कपाळाला हात लावला. मी बाईंच्या पाया पडून सांगून टाकलं. आज मात्र त्या हसल्या, पोटभर. म्हणाल्या, उद्या सकाळी परत म्हणते, आता रोज जेवणार, आवाज चांगला लागेल. पण मशीन घेऊन सोमनाथला एकट्याला पाठवा.

बरोबर आहे त्यांचं. उद्या टेम्पो मी चालवीन. बाहेर गाडीतच बसेन, काच खाली करून.